महासंगणकाचा नकार, पुण्याचा ‘परम’ आणि आजचे चिपबंदीचे राजकारण

१/ ‘अमेरिकेने महासंगणक नाकारला, म्हणून पुण्यात परम घडला.’ ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती खोटी नाही. मात्र अर्धी आहे. उरलेला अर्धा भाग जाणून घेतल्याखेरीज प्रगत चिप्सवरील आजच्या निर्यातनिर्बंधांचे मर्म उमगत नाही.

२/ शीतयुद्धाच्या आरंभी, १९४९ मध्ये, अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी ‘कोकॉम’ ही समिती स्थापन केली. सोव्हिएत गटाच्या हाती कोणते तंत्रज्ञान पडू द्यायचे नाही, याच्या याद्या पॅरिसमध्ये ठरू लागल्या. शस्त्रांच्या जोडीला संगणकही त्यांत आले. भारत त्या गटात नव्हता. पण त्याची मॉस्कोशी जवळीक होती आणि १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली होती. वॉशिंग्टनच्या संशयाला एवढे पुरेसे होते.

३/ १९८० च्या दशकात भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. मागणी होती दोन प्रोसेसरांच्या ‘क्रे एक्स-एमपी/२४’ ची. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर मंजूर झाला तो एका प्रोसेसरचा ‘एक्स-एमपी/१४’, तोही वापरावरील अटींसह. दिल्लीत तो हवामान अंदाजाच्या कामी लागला. थोडक्यात, दार पूर्ण बंद नव्हते. ते किलकिले ठेवून बाहेर पहारा बसवला होता.

४/ या अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच ‘सी-डॅक’, उभे राहिले. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख झाले. महासंगणक घडवण्यासाठी मुदत होती तीन वर्षांची.

५/ क्रेची ताकद एका-दोन अतिवेगवान, अतिमहाग प्रोसेसरांत एकवटलेली असे. तसा प्रोसेसर घडवणे भारताच्या आवाक्यात नव्हते. सी-डॅकने दुसरी वाट धरली : साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडायचे आणि एकच गणित त्यांच्यात वाटून द्यायचे. खरी कसोटी दोन ठिकाणी होती. प्रोसेसरांचा आपापसांतील संवाद जलद हवा आणि कामाची वाटणी करणारी आज्ञावली अचूक हवी.

६/ १९९१ मध्ये ‘परम ८०००’ जगासमोर आला. या यंत्राची कमाल क्षमता सेकंदाला १ अब्ज गणिती क्रिया इतकी होती. पुढे त्याची परदेशातही निर्यात झाली. ज्याला यंत्र देताना हात आखडता घेतला गेला, तोच देश यंत्र विकू लागला.

७/ विसरले गेलेले पान नेमके येथे आहे. परमच्या गाभ्यातील प्रोसेसर भारतीय नव्हते. ते होते ब्रिटनच्या ‘इन्मॉस’ कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’. शेजारच्या प्रोसेसरांशी थेट बोलण्यासाठी त्या प्रत्येक चिपमध्ये चार जोडमार्ग असत. चिप्स परक्या होत्या. त्यांची रचना, जुळणी आणि आज्ञावली पुण्याची होती. पहारा मोठ्या यंत्रावर होता. लहान चिप भारताला विकत घेता आली.

८/ १९९४ मध्ये कोकॉम विसर्जित झाली. तोवर साधे प्रोसेसरच इतके वेगवान होत चालले होते की, त्या दशकात अमेरिकेला संगणकांच्या निर्यातीची मर्यादा वारंवार वाढवावी लागली. पहारेकऱ्यांनीही यातून धडा घेतला.

९/ तो धडा ७ ऑक्टोबर २०२२ रोजी दिसला. त्या दिवशी अमेरिकेने चीनसाठी प्रगत चिप्सवर कडक निर्बंध जाहीर केले. त्यात चिपच्या गणनक्षमतेइतकेच महत्त्व होते ते इतर चिप्सशी होणाऱ्या तिच्या संवादाच्या वेगाला. मर्यादा होती सेकंदाला ६०० गिगाबाइटची. अनेक चिप्स जोडून महासंगणक उभा करण्याची जी वाट परमने चोखाळली होती, तिच्यावरच आता चौकी बसली.

१०/ एनव्हिडियाने ‘ए१००’ चा हाच वेग ४०० वर आणून ‘ए८००’ ही चिप चीनसाठी काढली. ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनी ती पळवाट बुजवली. पहारा आणखी मागेही सरकला आहे. सर्वांत सूक्ष्म चिप्स कोरणारी ईयूव्ही यंत्रे जगात केवळ नेदरलँड्सची ‘एएसएमएल’ बनवते. ती चीनला मिळू दिली गेलेली नाहीत. आधी यंत्र, मग चिप, मग चिप घडवणारे यंत्र, असा हा प्रवास आहे.

११/ परमच्या वंशावळीतील ‘परम सिद्धी-एआय’ २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याच्या गाभ्यात चिप कोणती? तीच, ‘ए१००’. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अशा चिप्सच्या निर्यातीसाठी देशांची प्रतवारी जाहीर केली, तेव्हा मोकळीक मिळालेल्या १८ देशांत भारत नव्हता. मे महिन्यात तो नियम मागे घेण्यात आला. प्रतवारी करण्याचा अधिकार मात्र जिथे होता तिथेच राहिला.

१२/ परमची कथा अभिमानाची आहे, यात शंका नाही. मात्र १९९१ चे यश ज्या फटीतून साधले, ती फट आज जवळजवळ बुजलेली आहे. ‘नकार मिळाला की आपण घडवतोच’ असे म्हणून निश्चिंत राहण्यासाठी या इतिहासाचा दाखला देता येणार नाही. सी-डॅकला तीन वर्षे पुरली, कारण गाभ्यातील चिप दुसऱ्या कोणीतरी आधीच घडवून ठेवली होती.