कीचकवध : कोणाच्या सोंगात कोण?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे गद्य नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने फेब्रुवारी १९०७ मध्ये पुण्यात रंगभूमीवर आणले. त्यातली बहुतेक मुख्य पात्रे स्वतःच्या नावाने वावरतच नाहीत. युधिष्ठिर कंकभट झालेला आहे, भीम बल्लव नावाचा आचारी, द्रौपदी सैरंध्री. वेशांतराचा हा पहिला पदर महाभारतातून आयता मिळाला. त्यावर खाडिलकरांनी दुसरा पदर चढवला आणि त्याविषयी नाटकात एक अक्षरही काढले नाही. तो पदर उलगडण्याचे काम प्रेक्षकांनी केले. हे काम नागपूरच्या इतवारीसारख्या वस्तीला नवे नव्हते. समोरच्या सोंगात खरा माणूस ओळखण्याची रीत तिथे दरसाल भररस्त्यात चालत आली होती.

आधी मूळ कथा. बारा वर्षांच्या वनवासानंतर पांडवांना एक वर्ष अज्ञातवासात काढायचे होते आणि त्या वर्षात ओळख पटली, तर वनवास पुन्हा पहिल्यापासून. मत्स्य देशात शिरण्यापूर्वी त्यांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर लपवली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत टांगले. मग विराटाच्या नगरीत सगळे वेगवेगळे होऊन चाकरीला राहिले. द्यूतात सर्वस्व गमावलेला युधिष्ठिर फासे टाकण्यात निष्णात कंक म्हणून राजाच्या बैठकीत बसला. भीम मुदपाकखान्यात गेला, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवू लागला, नकुल घोड्यांकडे आणि सहदेव गाईंकडे. द्रौपदी राणी सुदेष्णेची वेणीफणी करू लागली. ही सोंगे सहज सुचलेली नाहीत. ज्याने त्याने आपल्या स्वभावाचा किंवा जुन्या दुखण्याचा एक धागा सोंगात राखला आहे. खादाड भीम स्वयंपाकघरात जातो, आणि ज्या फाशांनी राज्य घालवले तेच फासे धर्मराजाच्या हाती पुन्हा येतात.

राणीचा भाऊ कीचक हा विराटाचा सेनापती. राज्य नावापुरते विराटाचे, दरारा कीचकाचा. त्याची नजर सैरंध्रीवर पडते. सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने भावाच्या घरी पाठवते. तिथून ती निसटून राजसभेकडे धावते आणि भर सभेत कीचक तिला लाथ मारतो. सभेत कंक आहे, बल्लवही आहे. बल्लवाची नजर दाराबाहेरच्या झाडाकडे जाते. तो झाड उपटून कीचकावर जाणार, हे कंकाला कळते. तो आचाऱ्याला सांगतो की सरपण हवे असेल तर बाहेर दुसरीकडे जाऊन शोध. ऐकणाऱ्यांना ते चुलीच्या लाकडांचे बोलणे वाटते. थोरल्या भावाचा हुकूम फक्त धाकट्याला कळतो. विराटपर्वातला हा क्षण नाटककाराच्या फार उपयोगाचा आहे, कारण एकाच वाक्याचे दोन अर्थ, एक सभेसाठी आणि एक घरच्या माणसासाठी, त्यात आधीच तयार आहेत.

महाभारतात कीचकाचा अंत नृत्यशाळेच्या अंधारात होतो. भीम सैरंध्रीच्या जागी पलंगावर पडून राहतो आणि जवळ आलेल्या कीचकाच्या देहाचा नुसता गोळा करतो. त्यानंतर सुदेष्णा सैरंध्रीला नगर सोडायला सांगते, तेव्हा ती फक्त तेरा दिवसांची मुदत मागते. म्हणजे सारे प्रकरण अज्ञातवासाच्या अगदी अखेरीला घडते. आणखी थोडे सोसले की मोकळीक, हा कंकाचा युक्तिवाद म्हणूनच पोकळ ठरत नाही. आणि ज्या बाईवर प्रसंग आला आहे तिला एक दिवसही थांबवणार नाही, हा बल्लवाचा हट्टही तितकाच खरा. नाटकाचा सगळा ताण या दोन खऱ्या बाजूंमधून येतो.

खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले आणि टिळकांच्या ‘केसरी’त वाढले. शेक्सपिअरची शोकांतिका त्यांनी मन लावून अभ्यासली होती. त्याआधी आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ (१८८३) केले होते आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंजारराव’ (१८९०). तिथे नाव बदलले, पोशाख बदलला, माणूस तोच राहिला. डेस्डिमोनाची कमळजा झाली, इयागोचा जाधवराव. खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये पुढचे पाऊल टाकले. कथा पेशवाईची, पण मनाने खचत गेलेल्या तरुण पेशव्यात हॅम्लेट दिसतो आणि त्याच्या कानात विष ओतणाऱ्या केशवशास्त्र्यात इयागो. एका माणसाच्या मागे दुसरा उभा करायचा आणि तरी पहिला पोकळ होऊ द्यायचा नाही, ही विद्या त्यांना तिथे साधली. ‘कीचकवधा’त तिचा मोहरा इंग्लंडच्या नाटकाकडून हिंदुस्थानच्या राजकारणाकडे वळला.

लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. १९०३ चा दिल्ली दरबार त्याने भरवला, बंगालची फाळणी त्याच्याच हातून झाली. नाटक आले तेव्हा तो राजीनामा देऊन मायदेशी गेलेलाही होता. तरी प्रेक्षकांना जुळणी लावायला वेळ लागला नाही. उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन, त्याच्यापुढे दुबळा पडणारा विराट म्हणजे विलायतेतले सरकार, सैरंध्री म्हणजे हिंदुभूमी. ‘थांबा’ म्हणणारा कंकभट म्हणजे काँग्रेसमधला नेमस्त पक्ष, आणि बल्लव म्हणजे जहाल. खाडिलकरांनी वध नृत्यशाळेतून काढून भैरवाच्या देवळात नेला. पलंगावरची फसवणूक गेली आणि त्या जागी देवाच्या दारातला न्याय आला. कथेतला एवढा एक बदल नाटककाराचे मन कुठे होते ते सांगतो.

जुळणी सगळीकडे बसत नाही आणि ती बसवू नये. खाडिलकरांनी कीचकाला रत्नप्रभा नावाची पत्नी दिली. ती कोणा राजकीय व्यक्तीची सावली नाही. ती आहे म्हणून कीचकाला घर आहे, आणि त्याच्या हट्टाला त्या घरातूनच विरोध होतो. कीचकही नुसता दुष्ट नाही. पराक्रमी आहे, स्वतःच्या शब्दाचा गर्व बाळगणारा आहे आणि त्या गर्वानेच मृत्यूकडे चालत जातो. रूपक जिथे सुटते तिथेच नाटक उंच उठते. ‘कीचकवध’ पुढच्या पिढ्यांनी वाचले ते कर्झनसाठी नव्हे, या पडत्या पुरुषासाठी.

नेमस्त आणि जहाल ही पात्रे मात्र त्याच वर्षी नागपुरात प्रत्यक्ष समोरासमोर आली. काँग्रेसचे १९०७ चे अधिवेशन नागपुरात भरणार होते. जहालांना अध्यक्ष म्हणून टिळक हवे होते, नेमस्तांना ते नको होते. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे जहालांचे पुढारी होते. माधवराव सप्र्यांचा ‘हिंदी केसरी’ नागपुरातूनच निघे आणि ‘देशसेवक’ अच्युत बळवंत कोल्हटकरांच्या हातात होता. सप्टेंबरात टाउन हॉलमधली स्वागत समितीची बैठक उधळली गेली, अधिवेशन सुरतेला हलले आणि डिसेंबरात तिथे काँग्रेस दुभंगली. विराटाच्या सभेत कंकाने बल्लवाला आवरले होते. नागपूरला कोणी कोणाला आवरू शकले नाही.

सोंगातला खरा माणूस ओळखण्याची ती रीत याच शहरातली. नागपूरच्या जुन्या शहरातल्या वस्त्या आठवडी बाजाराच्या वारांवरून ओळखल्या जातात : मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. रविवारच्या बाजाराची ती इतवारी. धान्य, किराणा, कापड, सोनेचांदी यांची ही जुनी बाजारपेठ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उलाढाल बाजूला ठेवून मारबत नावाच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला वाट करून देते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वर रंग. वटारलेले डोळे आणि बाहेर काढलेली जीभ. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते, तऱ्हाणे तेली समाज ती काढतो. इतवारीत नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघींची गाठ पडते. रोगराई, इडापिडा, वाईट चाली घेऊन जा, अशी आरोळी उठते आणि मिरवणूक संपली की पुतळे जाळले जातात.

काळी मारबत कोण, याची दोन उत्तरे शहरात मिळतात. एक पुराणातले : ती कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना. दुसरे नागपूरचे : ती बांकाबाई, दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. या घसरणीत बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, असा लोकांच्या मनातला राग पुतळ्यात उतरला, असे परंपरा सांगते. इतिहासाच्या तराजूत तो राग पूर्ण न्याय्य ठरेल असे नाही. तिच्या वाट्याला आलेला काळ कोणालाही हतबल करणारा होता. पण पुतळ्याची घडण पाहण्यासारखी आहे. वर पूतना, आत बांकाबाई. विचारले तर पुराण पुढे करता येते आणि जाळताना मनात राज्य गेल्याचा सल असतो. ‘कीचकवधा’ची घडण हीच. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा काळी मारबत २६ वर्षांची झाली होती.

मारबतीबरोबर बडगे निघतात. हे पुरुषी पुतळे, दरवर्षी नवे. त्या वर्षी लोकांचा ज्यावर रोष असेल त्याचा बडग्या होतो : महागाई, लाचखोरी, एखादा पुढारी. मारबतीचे रूप ठरलेले असते, बडग्याचे दर पोळ्याला ठरते. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर मारबत हे पुराणातले कथानक आणि बडग्या हा चालू काळ. खाडिलकरांना दोन्ही एकाच कीचकात बसवावे लागले.

तसे करणे भाग पडले ते कायद्यामुळे. कलकत्त्याच्या रंगभूमीवर युवराजाच्या भेटीच्या निमित्ताने एका प्रतिष्ठित वकिलाची खिल्ली उडवणारे प्रहसन झाले आणि त्यानंतर १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा आला. राजद्रोही किंवा बदनामीकारक वाटणारा प्रयोग थांबवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ‘कीचकवधा’त मात्र बोट ठेवावे असे वाक्य सापडत नव्हते. महाभारतातली कथा, महाभारतातली नावे. जवळजवळ तीन वर्षे प्रयोग चालले. टिळक १९०८ मध्ये मंडालेला गेले आणि ‘केसरी’चा भार खाडिलकरांवर आला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, मुंबई सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली. त्याच सुमारास लंडनच्या ‘टाइम्स’ने नाटकाची फोड इंग्रज वाचकांपुढे मांडली : कोणाचेही नाव उच्चारलेले नाही, तरी कीचक कोण, द्रौपदी कोण, युधिष्ठिर आणि भीम कोणते पक्ष, हे नाटकगृहातला प्रत्येक माणूस जाणतो. जी यादी नाटककाराने तीन वर्षे लिहिली नव्हती ती राज्यकर्त्यांच्या बाजूने छापली गेली.

खाडिलकर पुढे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या संगीत नाटकांकडे वळले. इतवारीतली काळी मारबत आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते आणि पिवळीला भेटते. बडग्यांच्या अंगावर आता मोठ्या अक्षरांच्या पाट्या असतात, कोणाचा बडग्या आणि कशासाठी ते लिहिलेले. काळ्या मारबतीला मात्र पाटी लावत नाहीत.