मज्जातंतूचा इतिहास आणि कपाशीचं शेत



वणीहून झरी जामणीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीच पऱ्हाटी होती. काही शेतांत पाठीवर पंप घेतलेली माणसं तासात चालत होती. संयोजकांनी आम्हाला विषय दिला होता, मेंदू आणि माणसाचं वर्तन. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधाचे नव्हे. तेव्हा मेंदूचं शास्त्र शिकवायचा आव आम्ही आणणार नाही. पण ते शास्त्र कसं घडलं आणि फिरत फिरत याच तालुक्यातल्या कपाशीत कसं येऊन पोचलं, हा इतिहास आपल्यापुढे मांडता येईल.

सुरुवात एका प्रसंगाने करू. २०१७चा पावसाळा संपत आला होता. या तालुक्यातल्या एका गावी आम्ही जुन्या विद्यार्थ्याकडे मुक्कामाला होतो. संध्याकाळी शेजारचा एक मजूर शेतातून परतला तो झोकांड्या खात. तोंडातून लाळ, अंगावर घाम, बोलणं असंबद्ध. बायकोलाही ओळखेना. पारावरचा एक जण म्हणाला, "आज जास्तच झाली वाटते याले." दोघंतिघं हसले. ती बाई मात्र आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, हे दारूले हात नाही लावत. सकाळपासून फवारा मारून रायले."

तो माणूस वाचला. चौथ्या दिवशी त्याने बायकोला नावाने हाक मारली. पण पारावरचं ते हसू आमच्या मनातून गेलं नाही. हसणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी एक वागणं पाहिलं आणि त्यावरून एक स्वभाव ठरवला, एवढंच. आपण सगळेच रोज हे करतो. आजचा प्रश्न एवढाच आहे: वागण्यावरून माणसाला दोष देण्याआधी त्या वागण्याचं कारण कुठे शोधायचं?

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल विचाराचं स्थान हृदयात मानत असे; मेंदू त्याच्या मते रक्त थंड ठेवणारा अवयव होता. आपल्याकडे चरकसंहितेनेही चेतनेचं स्थान हृदयच मानलं. आजही आपली माया काळजातून येते आणि धास्तीही काळजालाच बसते. याउलट, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रीक ग्रंथाने सांगितलं की, ज्याला लोक 'पवित्र रोग' म्हणतात ती फेफरं देवाच्या कोपाने येत नाही, ती मेंदूतून येते. आणि आपले चार्वाक म्हणत की, जाणीव ही देहाहून वेगळी वस्तू नाही. धान्य आंबवलं की त्यात जशी नशा उत्पन्न होते, तशी ती भूतांच्या मिश्रणातून उत्पन्न होते. चार्वाकांना आम्ही वर्गात एका तासात निकालात काढत असू. आज वाटतं, तो तास थोडा लांबवायला हवा होता.

आता १८४८ साली येऊ. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने एक लोखंडी पहार आरपार गेली. गालाखालून शिरली, कवटीच्या वरून बाहेर पडली. माणूस जगला. चालत होता, बोलत होता. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो यांनी नोंदवलं की, पूर्वीचा जबाबदार, मेळ राखणारा गेज आता उतावळा आणि शिवराळ झाला आहे. कपाळामागचा मेंदू दुखावला आणि स्वभाव बदलला. पुढे १८६१ मध्ये पॅरिसात पॉल ब्रोका यांनी एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. त्याला समजत सगळं होतं, पण तोंडातून एकच अक्षर निघे, 'टान'. त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला पुढच्या भागी खराबी सापडली. वाचेचं एक ठिकाण असं नकाशावर आलं.

गेजची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात, ती जरा पुढे नेऊ. हा माणूस नंतर चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकत होता. प्रवासी, वेळापत्रक, घोड्यांची निगा, सगळं सांभाळत होता. म्हणजे दुखावलेला मेंदूही ठरावीक कामाच्या आणि माणसांच्या आधाराने बराच सावरतो. मेंदूचा नकाशा खरा, पण तो नकाशा म्हणजे अख्खा माणूस नव्हे. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागेल.

मेंदूचे भाग कळले, पण ते भाग कशाचे बनले? इटलीतल्या गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूतल्या पेशी रंगवण्याची रीत काढली. स्पेनच्या काहाल यांनी तीच रीत वापरून दाखवलं की, मेंदू म्हणजे सलग जाळं नाही. त्यात सुट्या सुट्या पेशी आहेत. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना चेतापेशी म्हणतो. गोल्जींना हे पटलं नाही. १९०६चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि गोल्जींनी त्याच व्यासपीठावरून काहालांच्या मताला विरोध केला! पण काहाल बरोबर होते. दोन पेशींमध्ये फट असते. इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी १८९७ मध्येच त्या जोडाला 'सिनॅप्स' असं नाव दिलं होतं.

फट आहे, तर निरोप पलीकडे जातो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ऑटो लोवी यांना याचं उत्तर स्वप्नात सुचलं. रात्री उठून त्यांनी कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदयं घेतली. एका हृदयाचा वेग मंदावणारा मज्जातंतू चेतवला. त्या हृदयाभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, तर तेही मंदावलं. म्हणजे निरोप नेणारं एक रसायन होतं. १९२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

आता नीट ऐका, पुढचं सगळं यावर उभं आहे. निरोप पोचला की तो लगेच पुसलाही गेला पाहिजे. दाराची बेल दाबून बोट उचललं नाही तर ती वाजतच राहील, तसंच. हे पुसण्याचं काम करणारं विकर म्हणजे कोलिनेस्टरेज. ते बंद पडलं की फटीत रसायन साचतं. मग डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम वाहतो, उलट्या होतात, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. मेंदूत गोंधळ माजतो, माणूस बरळतो, चिडतो, ओळख विसरतो. शेवटी श्वास चालवणारं मेंदूच्या बुंध्यातलं केंद्र आणि छातीचे स्नायू थकतात.

हे विकर बंद पाडणारा एक पदार्थ माणसाला फार आधीपासून माहीत होता. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात एका वेलीचं बी आरोपीला खायला देत. चेटकाचा आरोप असेल तर खास. उलटी होऊन वाचला तो निर्दोष, मेला तो पापी. असंही सांगितलं जातं की, मनात भीती नसलेला घटाघटा गिळे आणि त्याला उलटी होई; घाबरलेला हळूहळू खाई आणि विष अंगात भिने. १८५५ मध्ये एडिंबरोच्या ख्रिस्टिसन यांनी ते बी स्वतः खाऊन पाहिलं आणि जेमतेम निभावले. पुढे त्यातलं फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं आणि १९२६ मध्ये लोवी यांनीच दाखवलं की, ते निरोप पुसण्याचं काम रोखतं. विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या एक अख्खा समाज विकराची परीक्षा घेत होता आणि निकाल मात्र चारित्र्याचा लावत होता.

आता डिसेंबर १९३६. या एका महिन्यात दोन गोष्टी घडल्या. १० तारखेला लोवी यांना इंग्लंडच्या हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. आणि त्याच महिन्यात, २३ तारखेला, जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे कीटकनाशक शोधत असताना त्यांच्या हाती एक सेंद्रिय फॉस्फरसचं संयुग लागलं. थोड्याशा संसर्गानेच त्यांना स्वतःला अंधुक दिसू लागलं, धाप लागली. ते संयुग म्हणजे टाबून. जर्मन लष्कराने ते ताब्यात घेतलं. १९३८ मध्ये त्याच घराण्यातलं सारिन आलं. त्याच वर्षी नाझींनी लोवींना तुरुंगात टाकलं आणि नोबेलची रक्कम सोडून दिल्यावरच देशाबाहेर जाऊ दिलं. महायुद्धानंतर या घराण्यातली तुलनेने सौम्य भावंडं शेतात आली. पॅराथिऑन आलं, मोनोक्रोटोफॉस आलं, प्रोफेनोफॉस आलं. ती किडीला मारतात, कारण किडीच्या चेतापेशीतही तेच रसायन आणि तेच विकर आहे. तुडतुडा आणि माणूस यांच्यात या एका बाबतीत निसर्गाने भेद ठेवलेला नाही. 'किडीचं औषध' हा आपला शब्दच फसवा आहे.

आता आपण पुन्हा यवतमाळात आलो. २०१७च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात या जिल्ह्यात ८००हून अधिक शेतकरी-मजुरांना फवारणीतून विषबाधा झाली आणि २०हून अधिक दगावले. त्या वर्षी पावसाने मध्येच ताण दिला होता, उकाडा होता. कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे नोझल वर धरावं लागे आणि तुषार तोंडावर, छातीवर येत. बॅटरीवरचे पंप झपाट्याने फवारत. घामाने ओली कातडी विष लवकर शोषते. शिवाय किडीचा जोर एवढा की, दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. त्यातली काही फॉस्फरसवाली होती, काही चेतापेशीच्या दुसऱ्याच कळीवर बोट ठेवणारी. त्यामुळे उपचार अवघड झाला. फॉस्फरसवाल्या विषावर ॲट्रोपिन चालतं, इतरांवर नाही. आणि कोलिनेस्टरेज मोजणारी साधी रक्ततपासणीही तेव्हा जिल्ह्यात झाली नाही.

ॲट्रोपिनचा नातेवाईक आपल्या बांधावरच आहे, धोतरा. महादेवाला वाहतो तो. नेमका तोच गुण, आणि म्हणून तोच धोका. मात्रा वाढली की ॲट्रोपिननेही माणूस बरळतो, हातवारे करतो. अशा रुग्णाचे हात खाटेला बांधावे लागतात. पाहणाऱ्याला वाटतं, वेड लागलं.

तेव्हा एक शब्द वारंवार कानावर येई, निष्काळजीपणा. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारलं. यात तथ्य अजिबात नाही असं आम्ही म्हणत नाही. पण दोन गोष्टी विचारतो. पहिली: दुपारनंतर ज्याने तोंड पुसलं नाही, पंप उतरवला नाही, 'काही होत नाही' म्हणत आणखी दोन तास मारले, त्याची बुद्धी तेव्हा शाबूत होती का? विष आधी सावधपणावर घाला घालतं आणि मग आपण बेसावधपणाचा ठपका ठेवतो. कॅलाबारच्या बियाचा न्याय याहून किती वेगळा होता? दुसरी: ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरी मोजे आणि बंद मास्क घालून दिवसभर काम करता येतं का? रोजावर गेलेला माणूस 'आज वारं आहे, उद्या फवारू' असं मालकाला म्हणू शकतो का? डब्यावरची बारीक अक्षरातली सूचना तेलुगू, कोलामी बोलणाऱ्या मजुराला कोण वाचून दाखवतो?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चेतापेशीत नाही. इथे आम्ही मेंदूशास्त्राच्या उत्साही मित्रांपासूनही थोडे दूर होतो. आजकाल सगळं वागणं मेंदूतल्या रसायनावर ढकलण्याची फॅशन आहे. विकर बंद पडल्याने माणूस कसा कोसळला, हे शास्त्र सांगेल. तो त्या तासात का उभा होता, हे मजुरीचे दर, बाजार आणि कायदा सांगेल. मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारायला आपल्याकडे २००५ मध्येच मनाई झाली, कपाशीवर मात्र ते चालत राहिलं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून ते पोटात जाऊन २३ मुलं गेली. यवतमाळच्या घटनेनंतर आपल्या राज्याने काही औषधांवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांपुरती बंदी घातली. चेतापेशीचा इतिहास दोनशे वर्षांत कुठच्या कुठे गेला. आपला विवेक मात्र साठ दिवसांच्या हप्त्याने चालतो.

तेव्हा जाताना एवढंच घेऊन जा. फवारणीहून आलेला माणूस झोकांड्या खात असेल, बरळत असेल, घाम-लाळ सुटली असेल, तर हसू नका. त्याचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या आणि तडक दवाखान्यात न्या. आणि त्याच्या बायकोचं म्हणणं ऐका. त्या संध्याकाळी पारावर सगळ्यात शास्त्रशुद्ध वाक्य तीच बोलली होती. आम्ही पदवी घेऊन बसलो होतो आणि निदान तिने केलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर बसू.