युक्लिडचं प्रमेय

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी ताईला मुलगी झाली. फॅमिली ग्रुपवर फोटो आला, पाठोपाठ आईचा फोन. "मावशी झालीस गं!" मी "अय्या!" म्हणाले. सूर बरोबर लागला होता. मग ग्रुपवर बाकीच्यांनी किती बदाम टाकलेत ते मोजलं, तेवढेच टाकले, फोन पालथा ठेवला आणि अर्धवट राहिलेला कोड रिव्ह्यू पूर्ण केला.

मला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. कामं वेळेवर होत होती, हसायच्या जागी हसत होते. फक्त रात्री झोप येत नव्हती आणि एक भीती होती, की आपण आतून निर्दय झालोय.

झोपेच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पीएचक्यू-९ हा नऊ प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. मी म्हणाले, "मला डिप्रेशन नाहीये, मी तर रडतही नाही." त्या म्हणाल्या, "पहिला प्रश्न वाचा." पहिला प्रश्न दुःखाबद्दल नव्हताच. गेल्या दोन आठवड्यांत गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झालाय का, असा होता. उदास वाटण्याचा प्रश्न दुसरा.

हा प्रश्न पहिल्या जागी कसा आला, हे मी नंतर शोधत बसले. सवयच आहे; कोडमधली एखादी ओळ कुणी आणि का लिहिली, ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

माग काढत गेलं की आपण चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात पोचतो. तिथे एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंमध्ये इव्हॅग्रियस नावाचा एक जण होता. साधूला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली. त्यातला एक 'अकेडिया', म्हणजे कशाचीच पर्वा न उरणं. हा भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवणाची वेळ झाली का ते तपासतो. राहती जागा नकोशी, हातातलं काम नकोसं. याला सरळ आजचं डिप्रेशन म्हणता येणार नाही. पण 'नकोसं' आणि 'निरर्थक' यांच्या मधली ती दुपार मला ओळखीची वाटली.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने या यादीची फेरमांडणी केली, अकेडिया खिन्नतेत मिसळून गेली, आणि कालांतराने सात महापापांच्या यादीत तिच्या जागी 'आळस' बसला. म्हणजे सोसण्याची गोष्ट होती ती गुन्हा ठरली. "काही नाही, आळशी झालीयेस," हे वाक्य आपल्याकडेही किती सहज येतं!

या अनुभवाला पापाच्या वहीतून काढून दवाखान्याच्या वहीत नोंदवायला फार वेळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये एस्किरोल हा वेड्यांच्या इस्पितळांत काम करणारा नामांकित डॉक्टर होता. त्याने एका न्यायाधीशाची हकिगत नोंदवली आहे. माणूस हुशार, बुद्धी शाबूत. पण सगळ्या भावना मेल्यासारख्या. नाटकाला जायचा तो निव्वळ सवयीने. घर, बायको, दूर असलेली मुलं यांचा विचार आला, तर तो त्याला युक्लिडच्या प्रमेयाइतकाच हलवून जायचा.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटला. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच न्यायाधीशाने माझा मंगळवार सांगितला होता. आणि त्याला कुणी निर्दय म्हटलं नव्हतं. आजारी म्हटलं होतं.

१८९६ मध्ये थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने भावनांवरच्या आपल्या पुस्तकात ही हकिगत घेतली आणि या अवस्थेला नाव दिलं: अनहेडोनिया. वेदना न जाणवण्याला वैद्यकात शब्द होता, त्याच धर्तीवर सुख न जाणवण्याला हा. गंमत म्हणजे हा शब्द आपल्याला फारसा परका नाही. ग्रीकमधला नकाराचा 'अन्' तोच, जो आपल्या 'अनिच्छा'त आहे. आणि 'हेडोने'चं मूळ तेच, ज्यातून संस्कृत 'स्वादु' आला. आपण म्हणतो ना, "कशातच चव उरली नाही"? रिबोने जवळजवळ तेच म्हटलं होतं.

नाव मिळालं तरी वजन मिळायला बराच काळ गेला. १९५४ मध्ये कॅनडात ऑल्ड्स आणि मिल्नर यांना दिसलं, की मेंदूतल्या ठराविक जागी विजेचा हलका झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हापुन्हा खटका दाबतात. म्हणजे सुखाच्या ओढीला मेंदूत काही यंत्रणा आहे, आणि यंत्रणा म्हटली की ती बिघडूही शकते. पुढे केंट बेरिज यांच्या संशोधनातून कळलं, की 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-३' या निदानपुस्तिकेने डिप्रेशनच्या निदानासाठी उदासी किंवा रस-आनंद नाहीसा होणं, दोन्हींपैकी एक पुरेसं मानलं. त्या एका 'किंवा'मध्ये माझ्यासारखे न रडणारे बसतात.

माझे उपचार सुरू झाले. काही औषधांनीही भावना बोथट होऊ शकतात, तसं वाटलं तर परस्पर बंद न करता येऊन सांगा, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मी सांगत राहिले.

परत आलेली पहिली भावना आनंद नव्हती. चौथ्या महिन्यात एका रिक्षावाल्याने पावसात "नाही जाणार" म्हटलं आणि मला सणसणीत राग आला. अख्ख्या रस्त्यात मी त्या रागाला सांभाळत, भिजत घरी आले.

भाची आता दोन वर्षांची आहे. तिच्या जन्माच्या दिवशी मला काय वाटलं, हे ताईला मी मागच्या महिन्यात सांगितलं. न्यायाधीशाची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला कामाचं टेन्शन असेल."

तुमच्या ओळखीतही कुणी बदाम मोजून टाकत असेल. "रडतेस का?" असं विचारू नका. "चव लागतेय का?" असं विचारा. उत्तर 'नाही' आलं आणि डॉक्टर कुठे शोधायचा हे कळत नसेल, तर टेली मानसचा सरकारी नंबर आहे: १४४१६.