लाकूड, लाख आणि टिकाऊपणा : ग्रामीण कारागिरीच्या इतिहासासंबंधी एक टिपण

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यासारख्या वऱ्हाडी गावाचा आर्थिक इतिहास लिहिताना अभ्यासक जमीन, कापूस व सावकारी यांकडे वळतो. पाट, चौरंग, पाळणा वा देव्हारा यांना साधन म्हणून तो क्वचितच स्थान देतो. वस्तुतः या वस्तूंच्या घडणीत आणि डागडुजीत श्रमसंबंधांचा पुरावा साठलेला असतो.

सुतार हा बलुतेदार. अवजारांच्या दुरुस्तीबद्दल त्याला सुगीत धान्य मिळे. घरगुती सामानाची मजुरी सामान्यतः निराळी ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेची चिकित्सा केली आहे. बलुते वर्षाचे ठरलेले असल्यामुळे वारंवार मोडणारे औत ही सुतारालाच तोशीस होती. टिकाऊ आणि उकलता येईल असे काम करण्याची सवय येथूनच दृढ झाली असावी, असे अनुमान करता येते.

कामाची पद्धती या अनुमानास पोषक आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचे कोवळे लाकूड मात्र तिला बळी पडते. शिवाय वाळताना लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही : वलयांच्या दिशेने होणारा संकोच केंद्राकडील संकोचाच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून लाकूड आधी वाळवीत, मग खाचेत कूस बसवून लाकडी खुंटी ठोकीत. खुंटी काढली की सांधा उकलतो आणि निकामी भागच तेवढा बदलता येतो.

लाखेचेही तसेच. पळस, बोर व कुसुंब यांवर वाढणाऱ्या कीटकाची ही राळ. जेम्स केर याने १७८१ मध्ये या कीटकाचे शास्त्रीय वर्णन केले. चरकावर फिरणाऱ्या लाकडास कातारी लाखेची कांडी टेकवितो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागास धरते. ती उष्णतेने पुन्हा मऊ होते व स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून जुना थर काढून नवा देता येतो. विसाव्या शतकात आलेली इपॉक्सी राळ याच्या उलट होय. ती एकदा कठीण झाली की पुन्हा वितळत नाही. ती पाण्याला अधिक दाद देत नाही हे खरे. परंतु तिच्या थराखालील लाकूड फुगले वा तडकले, तर दुरुस्ती अवघड होते.

यावरून संशोधकाने एक सावधगिरी शिकावी. चौरंगावरील लाखेचा थर त्याच्या जन्मकाळाचा पुरावा नव्हे. तो शेवटच्या डागडुजीचा असू शकतो. तेव्हा क्षेत्रपाहणीत वस्तूच्या वयाबरोबरच बदललेल्या खुंट्या, जोडलेले पाय आणि थरांची संख्या नोंदवावी. ज्या वस्तू दुरुस्त होऊ शकल्या, त्याच बहुधा आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत. टिकाऊपणा हा केवळ द्रव्याचा गुण नसून, वस्तू आणि तिची निगा राखणारा कारागीर यांच्यातील संबंधाचा परिणाम होय.