राई, बन, जाळी, बेट

आंब्याची राई असते, करवंदाची जाळी, वेळूचं बेट आणि केवड्याचं बन. यांची अदलाबदल होत नाही. 'करवंदाची राई' म्हटलं तर ऐकणारा थबकेल, आणि 'आंब्याची जाळी' कुणाच्या तोंडी येतच नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याला वनस्पतींचा समुदाय म्हणतात, त्याला मराठीने एकच सरसकट नाव दिलं नाही. कोणतं झाड आहे आणि ते कसं वाढतं, हे पाहून शब्द बदलला. राईत खोडं उंच, माथे एकमेकांना भिडलेले, खाली गार सावली. माणूस ताठ मानेने चालू शकतो. जाळीत काटे आणि गुंता. ससा शिरेल, माणूस नाही. बेट म्हणजे एकाच जागी दाटून फुटलेला पुंजका आणि भोवती मोकळी जमीन. शब्द ऐकला की झाडांची ठेवण डोळ्यांपुढे उभी राहते.

राईचं नातं संस्कृत 'राजि'शी, म्हणजे ओळ किंवा रांग या अर्थाच्या शब्दाशी जोडलं जातं. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ज' गळतो. ज्या वाटेने राजकुलाचं राउळ झालं, त्याच वाटेने राजिची राई झाली. संस्कृत काव्यातली वनराजि आणि आपली वनराई ही जवळची नाती आहेत. फोडणीतली राई मात्र 'राजिका'पासून आलेली, तिचं घराणं वेगळं. 'बन' म्हणजे तर वनच, फक्त 'व'चा 'ब' झालेला.

झाडाचं नाव पुढे आणि समूहाचा शब्द मागे, ही घडण मला फार मोलाची वाटते, कारण युरोपात नेमक्या अशाच घडणीतून एक शास्त्रीय पद्धत उभी राहिली. जुन्या लॅटिनमध्ये ओकच्या राईला 'क्वेर्केटुम', ऑलिव्हच्या बागेला 'ओलिवेटुम' म्हणत. '-एटुम' हा शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला प्रत्यय. ब्राउन-ब्लँके या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1928मध्ये वनस्पति-समाजशास्त्रावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या परंपरेत समुदायाचं नाव त्यातल्या ठळक वनस्पतीच्या नावाला हाच प्रत्यय लावून करतात. बीच वृक्षांचं वन ते 'फागेटुम'. आमराई, बाभूळबन हे शब्द त्याच साच्यातले आहेत. आपल्याकडे त्यांचं कुणी शास्त्र केलं नाही, एवढाच फरक.

समुदायाला नाव देण्याची दुसरी रीत म्हणजे तो कुठे उभा आहे हे सांगणं. दोन्ही रीती शेजारीशेजारी पाहायच्या असतील तर खाडीकाठी जावं. तिथल्या एकाच झाडीला मराठीत दोन नावं आहेत: खारफुटी आणि कांदळवन. पहिल्यात खार आहे, म्हणजे जागा. दुसऱ्यात कांदळ आहे, म्हणजे झाड. चिखलात कमानीसारखी मुळं रोवून उभं राहणारं. हा शब्द किनाऱ्याने दूरवर गेलेला आहे. मलयाळममध्येही तो 'कंडल' आहे, आणि 'कँडेलिया' हे शास्त्रीय प्रजातिनाम त्यातूनच घडलं. महाराष्ट्राच्या वनखात्याने 2012मध्ये या झाडीसाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचं नावही 'कांदळवन कक्ष'. पण मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत सर्वांत जास्त दिसतो तो कांदळ नव्हे, तिवर. झाडावरून नाव द्यायचं तर ते 'तिवरबन' व्हायला हवं. नाव झाडावरून पडतं तेव्हा ही अडचण येतेच: झाड बदललं की नाव चुकतं. जागेवरून पडलेलं नाव टिकतं, पण आत काय उभं आहे ते सांगत नाही.

देवराई या दोन्हींत बसत नाही. ती जागा सांगत नाही, झाड सांगत नाही. ती मालक सांगते. त्यामुळे तिच्या पोटात काय आहे हे आत गेल्यावरच कळतं. गोव्यात सत्तरी तालुक्यात निरंकाराची राई आहे. त्या देवाच्या नावाआड रानजायफळाची दलदल सांभाळली गेली आहे. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात आणि श्वास घेऊन पुन्हा खाली जातात. पश्चिम घाटातल्या अतिशय दुर्मीळ वनप्रकारांपैकी हा एक.

जागा आणि झाड यांचा एकत्र विचार आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कुठून आणाव्यात हे सांगताना देशाचे तीन प्रकार केले आहेत: जांगल, आनूप आणि साधारण. प्रत्येकाचं हवापाणी सांगितलं आहे आणि झाडांची यादीही दिली आहे. आनूप म्हणजे पाणथळ. तिथे नारळ, केळ, तमाल. आणि जांगल? खैर, धावडा, सालई, बोर, शमी. वर भरपूर मोकळं आकाश, खाली कोरडी जमीन, कुरंग आणि तित्तिरांचा मुलूख. मनुस्मृतीतही राजाने जांगल देशात वसावं असं म्हटलं आहे, ते दाट अरण्यात राहण्यासाठी नक्कीच नाही.

याच जांगलचं जंगल झालं आणि अर्थ उलटा फिरला. आधी कोरडी उघडी भूमी, मग नांगर न लागलेली कोणतीही जमीन, मग अशा जमिनीवरची झुडपं आणि शेवटी झाडांनी गच्च भरलेला प्रदेश. यूल आणि बर्नेल यांनी 1886च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात हा प्रवास नोंदवला आहे. इंग्रजीत गेलेला 'जंगल' तर दमट, अंधारा, वेलींनी जखडलेला झाला. फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी 1982मधल्या आपल्या ग्रंथात याच उलथापालथीचा मागोवा घेतला.

'रान' वेगळ्या दिशेने गेलं. अरण्याचा पहिला 'अ' गळून ते रान झालं. अरण्याच्या मुळाशी 'अरण' म्हणजे दूरचं, परकं. रानडुकरात आणि रानभाजीत तो अर्थ अजून शिल्लक आहे. पण देशावरचा शेतकरी 'रानात चाललोय' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या शेतात निघालेला असतो. परकी भूमी घरची झाली. जंगलाचं नेमकं याउलट घडलं: खैर-बोरीची ओळखीची माळरानं ज्या शब्दात होती, त्यातूनच ती हद्दपार झाली.

याचा परिणाम कागदावरही दिसतो. भारतातल्या वनांचं सर्वांत रूढ वर्गीकरण हॅरी चॅम्पियन यांनी 1936मध्ये मांडलं आणि 1968मध्ये सेठ यांच्यासह सुधारलं. त्यात 16 मुख्य गट आहेत. हवामान हा पाया. पण जमीन जिथे आपलं म्हणणं लादते, तिथे प्रकाराला झाडाचं नाव मिळतं: सालईचं वन, बाभळीचं, अंजनाचं, पळसाचं. चरकाची सालई इथे पुन्हा भेटते. मात्र कोरडा गवताळ प्रदेश या यादीत 'अवनत अवस्था' म्हणून येतो, जणू तिथे वन असायला हवं होतं आणि ते बिघडलं. माळाला स्वतःचं स्थान नाही. संस्कृतातला 'माल' हा उंचवट्याच्या जमिनीचा शब्द मेघदूतात आहे. माळढोक तर आपलं नावच त्या जमिनीवरून घेतो. तरी झाडं नाहीत म्हणून ती जमीन पडीक ठरते आणि तिथे खड्डे खणून रोपं लावली जातात. माळावर उपकार करतोय असं समजून आपण माळ मोडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गवतांची दखल घेणारं वर्गीकरण 1973मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी केलं. त्यांनी देशभरच्या गवताळ भूमीचे पाच प्रकार केले आणि चाल तीच जुनी ठेवली: ठळक गवताचं नाव. आपल्या पठारावरच्या प्रकाराचं शास्त्रीय नाव सेहिमा-डायकँथियम. मराठीत सांगायचं तर शेडा-मारवेल. चराई अति झाली की शेडा आणि मारवेल मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. मेंढ्यांच्या लोकरीत कुसळं अडकू लागली की माळ बदलला हे धनगराला कळतं. त्याने 'मारवेलीचा माळ' आणि 'कुसळीचा माळ' असं म्हटलं तर त्या चार शब्दांत जागा आली, प्रमुख गवत आलं आणि त्या जमिनीवर गेल्या काही वर्षांत काय घडलं तेही आलं.