अंतराळातल्या तहांची कुळकथा

अंतराळ-साम्राज्यांच्या डावपेची संगणकखेळांत तह, युती आणि फितुरी यांची जी यंत्रणा असते, तिचे मूळ अंतराळात नाही, १९०१ सालच्या युरोपच्या नकाशावर आहे. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये त्याच नकाशावर ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ रचला आणि १९५९ मध्ये पदरमोड करून त्याच्या ५०० प्रती काढल्या. सात सत्ता, ३४ रसदकेंद्रे. त्यांपैकी १८ ज्याच्या हाती, तो जिंकला. फासे नाहीत. खेळाडू आधी बाजूला जाऊन कुजबुजतात, मग सगळे आपापले हुकूम कागदावर लिहितात आणि ते एकदम उघडले जातात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा एकही नियम नाही. तरीही एकट्याच्या बळावर फार पुढे जाता येत नाही, त्यामुळे कोणावर तरी भरवसा ठेवणे भागच पडते.

ब्रिटनमध्ये या खेळाला टपालाने वाढवले. डॉन टर्नबुल यांनी १९६९ मध्ये ‘अल्बियन’ हे हौशी नियतकालिक सुरू केले आणि त्यातून टपाली डाव चालू लागले. हुकूम ठरल्या तारखेला पंचाकडे पोचायचे. ज्याचे पोचले नाहीत, त्याचे सैन्य जागच्या जागी उभे. दोन तारखांच्या मधल्या काळात पत्रे आणि फोन. एकच डाव वर्ष-दोन वर्षे चाले, म्हणजे खोटे बोलायलाही फुरसत आणि ते पकडायलाही. रिचर्ड शार्प यांनी १९७८ मध्ये या खेळावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि १९८८ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा बर्मिंगहॅमला भरली.

हाच साचा अंतराळाने उचलला. पुढे ‘लॉर्ड्स ऑफ मिडनाइट’मुळे नाव झालेले माइक सिंगलटन १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्टारलॉर्ड’ हा टपाली अंतराळखेळ संगणकावर चालवीत. १९८३ मध्ये अशा खेळांसाठी ‘फ्लॅगशिप’ हे नियतकालिक निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी निक पामर १९९७ मध्ये मजूर पक्षाचे खासदार झाले. वाटाघाटींचा सराव वाया गेला नाही म्हणायचा. या टपाली खेळांत आरमारे आणि ग्रह यांचा हिशेब संगणकाकडे असे, पण तह माणसांच्या पत्रव्यवहारात होत. रचनाकाराला मुत्सद्देगिरी घडवावी लागत नव्हती, ती आपोआप येत होती.

अडचण उभी राहिली ती समोरचा माणूसच नाहीसा झाल्यावर. घरगुती संगणकावर एकटा खेळणाऱ्याला पत्र लिहायला कोणी उरले नाही. मग जिभेचे काम आकड्याने करायचे ठरले. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या ‘एलिट’मध्ये (१९८४) खेळाडूची कायद्यापुढची पत तीनच पायऱ्यांची होती: निष्कलंक, गुन्हेगार, फरारी. ज्युलियन गोलॉप यांच्या ‘यूएफओ: एनिमी अननोन’ने (१९९४) एक पाऊल पुढे टाकले. पृथ्वीच्या संरक्षणासाठी १६ देश निधी देतात आणि दर महिन्याच्या कामगिरीवरून तो वाढवतात किंवा कापतात. परग्रहवासीयांनी एखाद्या सरकारात शिरकाव केला तर तो देश त्यांच्याशी गुप्त तह करून कायमचा बाहेर पडतो. इथे वाटाघाट करायला वावच नाही, पण राजकारण झोंबते, कारण त्याची किंमत रोख पैशांत मोजावी लागते.

याच सुमारास अमेरिकेत ‘मास्टर ऑफ ओरायन’ (१९९३) आला आणि या खेळांची चार कामे ठरून गेली: धुंडाळणे, पसरणे, उपसणे, संपवणे. वाटाघाट या चारांत नव्हती, आणि हे उपरेपण पुढेही तिला चिकटले. अशा खेळांतल्या शेजाऱ्याच्या मनात एक आकडा असतो. भेटी पाठवल्या की चढतो, सीमा भिडल्या की उतरतो. तो का बदलला हे खेळाडूला कळले नाही, तर शेजारी मुत्सद्दी न वाटता लहरी वाटतो. ही खोट झाकण्यापेक्षा आकडा उघडा करणे बरे, असे पुढच्या रचनाकारांनी ठरवले. स्वीडनच्या ‘स्टेलारिस’मध्ये (२०१६) शेजाऱ्याचे मत कारणांच्या यादीसह दिसते. ससेक्समधल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने ‘टोटल वॉर: थ्री किंग्डम्स’मध्ये (२०१९) प्रस्तावाच्या प्रत्येक कलमाची किंमत आकड्यात मांडली आणि करार जमण्यासाठी आणखी काय लागेल हे सांगण्याची सोयही केली. तो खेळ चीनच्या इतिहासातला, पण ही सोय अंतराळातही तितकीच उपयोगी.

मात्र उघड्या आकड्याने मुत्सद्देगिरीचा बाजार होतो. भाव कळतो, पण दगा कोण देईल हे कळत नाही. त्या प्रश्नाकडे लंडनच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीतले संशोधक वळले, तेही पुन्हा ‘डिप्लोमसी’चाच पट मांडून. डिसेंबर २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात संगणकी खेळाडू आपसांत करार करतात. करार करणारे न करणाऱ्यांना भारी पडतात. पण करार मोडणारा प्रामाणिक खेळाडूंवर मात करतो. दगेखोराशी बोलणे तोडले तर त्याचा फायदा घटतो. स्वतःच्या लाभावर पाणी सोडून त्याला अद्दल घडवली, तर आणखी घटतो. अशा शिक्षा करणाऱ्यांमध्ये शिकलेला दगेखोर बहुतेक वेळा करार पाळू लागतो.