थोरल्या पातीचा चेहरा

शुक्रवार, 31 ऑक्टोबर 1617. तुम्ही सॅक्सनीतल्या ड्रेस्डेनच्या राजवाड्याबाहेर उभे आहात. रोममध्ये आज 10 नोव्हेंबर आहे. पण पोपनं सुधारलेलं पंचांग इथं कोण मानतो! मार्टिन ल्यूथरच्या 95 कलमांना आज शंभर वर्षं झाली. सॅक्सनीत तीन दिवस उत्सव आहे. हाइनरिश श्युट्झ या दरबारचा संगीतकार आहे, त्यामुळे गाण्याबजावण्यात कसर राहायची नाही.

कुणीतरी तुमच्या तळहातावर या उत्सवासाठी पाडलेला नवा थालर ठेवतं. चांगला जड आहे, 29 ग्रॅमच्या आसपास. एका अंगाला आजचा इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडीत मत असलेला राजा, योहान गेऑर्ग, खांद्याशी उभी तलवार. भोवती लॅटिन अक्षरं, देवाचं वचन अढळ असल्याची ग्वाही देणारी. नाणं उलटा. ‘ल्यूथरचं शतक’ असं लॅटिनमध्ये लिहिलंय, म्हणून तुम्ही ल्यूथरचा चेहरा शोधता.

तो नाहीच. तिथं आहे ‘शहाणा’ फ्रेडरिक, ल्यूथरला पाठीशी घालणारा इलेक्टर. याच फ्रेडरिकनं विटेनबर्गच्या चर्चमध्ये संतांचे 19 हजारांहून अधिक अवशेष जमवले होते आणि त्यांच्या दर्शनानं भाविकांना पापाच्या शिक्षेत सूट मिळे. ल्यूथरनं झोडपलं ते असल्याच व्यवहाराला.

शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा, हा फ्रेडरिक तुमच्या इलेक्टरचा आजा की पणजा? त्याला खरं बोलायचं असेल तर तो आधी इकडंतिकडं बघेल. कारण दोघं एका घराण्याचे असले तरी एका पातीचे नाहीत. फ्रेडरिक थोरल्या पातीचा. ड्रेस्डेन धाकट्या पातीचं, आणि इथला तेव्हाचा ड्यूक गेऑर्ग 1539 साली मरेपर्यंत ल्यूथरचा कट्टर विरोधक. ल्यूथरच्या जर्मन नव्या करारावर त्यानं आपल्या मुलखात बंदी घातली होती. पुढं 1546 मध्ये धाकट्या पातीचा मॉरिट्स, स्वतः ल्यूथरपंथी असूनही, कॅथलिक सम्राटाला मिळाला. 1547 मध्ये म्युलबर्गच्या लढाईत फ्रेडरिकचा पुतण्या कैद झाला आणि त्याचं इलेक्टरपद मॉरिट्सला मिळालं. लोकांनी त्याला ‘माइसेनचा यहूदा’ म्हटलं. योहान गेऑर्ग हा त्याच मॉरिट्सच्या भावाचा नातू.

म्हणजे भाऊबंदकीत गादी घेतली ती घेतलीच, वर थोरल्या पातीचा पुण्यपुरुषही चांदीवर उमटवून आपलासा केला. मला तर हे नाणं धर्मापेक्षा वारसाहक्काचा दाखला वाटतं.

थालर एवढ्यात मोडू नका. सात महिन्यांत प्राग शहरात सम्राटाचे अधिकारी खिडकीतून फेकले जातील आणि तीस वर्षांचं युद्ध पेटेल. मग तांबं मिसळलेल्या हिणकस नाण्यांचा सुळसुळाट होईल. सॅक्सनीच्या टांकसाळीही त्यात मागे राहणार नाहीत.

युद्ध चालू असतानाच 1630 उजाडेल. ल्यूथरपंथीयांच्या आउग्सबुर्गच्या श्रद्धा-कबुलीची शताब्दी म्हणून योहान गेऑर्ग पुन्हा स्मारक थालर पाडेल. त्यावर ल्यूथरचं नाव असेल, पण चेहरा असेल फ्रेडरिकच्या भावाचा, योहानचा. तोही थोरल्याच पातीचा.